माध्यमिक शिक्षणाचा समान गाभा आणि आपली जबाबदारी

(ट्रस्टच्या सुवर्णमहोत्सवी वर्षातील विद्यार्थी गुणगौरव समारंभात केलेल्या भाषणाचा संपादित मजकूर)



शिक्षणाविषयी बोलण्याचा अधिकार शिक्षकांचा. मी वाणिज्य शाखेचा पदवीधर असलो तरी माझे सारे आयुष्य कापडाच्या पेढीवर गेले. तरीही विश्वस्त मंडळाने आज हा विषय माझ्याकडे सोपविला, याचे एक कारण मला जाणवते. अभ्यासक्रमाचा दर्जा ठरविणे म्हणजे एका अर्थाने माप ठरविणे होय, आणि मापाशी व्यापाऱ्याचा संबंध रोजचा असतो. त्याच नात्याने मी चार विचार आपणासमोर ठेवणार आहे.

आजच्या गुणगौरवाच्या यादीकडे पाहावे. त्यात राज्य मंडळाचे विद्यार्थी आहेत, सी.बी.एस.ई.चे आहेत, आय.सी.एस.ई.चेही आहेत. सर्वांच्या नावापुढे टक्के लिहिले आहेत आणि त्या टक्क्यांच्या उतरत्या क्रमाने बक्षिसे दिली जात आहेत. या मुलामुलींच्या परिश्रमाविषयी माझ्या मनात नितांत आदर आहे. परंतु तीन निराळ्या मापांनी मोजलेले कापड एकाच वहीत, एकाच रकान्यात मांडून आपण बेरीज करीत आहोत, हेही खरे आहे. म्हणून मूळ प्रश्न असा की, दहावी पूर्ण करून बाहेर पडणाऱ्या प्रत्येक मुलाला किमान काय आले पाहिजे, ते कोणी ठरवायचे, आणि एकदा ठरल्यावर ते सर्वांसाठी सारखे असावे की नाही?

हा प्रश्न आपल्या राज्याने एकदा मोठ्या विचाराने सोडविला होता. १ मे १९६० रोजी महाराष्ट्र राज्य स्थापन झाले, तेव्हा पश्चिम महाराष्ट्र जुन्या मुंबई राज्यातून, विदर्भ मध्य प्रांतातून आणि मराठवाडा निजामाच्या हैदराबाद संस्थानातून आलेला होता. तिन्ही विभागांच्या शालेय परंपरा भिन्न होत्या. मराठवाड्यात तर निजामाच्या राजवटीत उर्दूचे वर्चस्व होते. या सर्वांना एका सूत्रात आणण्यासाठी १९६५ चा माध्यमिक शिक्षण मंडळाचा कायदा झाला आणि १ जानेवारी १९६६ पासून राज्य मंडळ अस्तित्वात आले. पुढच्याच वर्षी, १९६७ साली, पुण्यात पाठ्यपुस्तक निर्मिती मंडळाची, म्हणजेच आपल्या सर्वांच्या परिचयाच्या 'बालभारती'ची स्थापना झाली. गडचिरोलीच्या मुलाच्या हातात आणि मुंबईच्या मुलाच्या हातात एकच पुस्तक, तेही परवडणाऱ्या किमतीत, ही त्या काळातील फार मोठी सामाजिक घटना होती.

त्याच सुमारास डॉ. दौलतसिंह कोठारी यांच्या अध्यक्षतेखालील शिक्षण आयोगाने १९६६ साली आपला अहवाल सादर केला. शालेय शिक्षणाची पहिली दहा वर्षे सर्वांसाठी सामान्य शिक्षणाची असावीत आणि त्या दहा वर्षांत विज्ञान व गणित हे विषय प्रत्येक विद्यार्थ्याला सक्तीने शिकवावेत, अशी या आयोगाची स्पष्ट शिफारस होती. १९६८ च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने ती उचलून धरली. सत्तरच्या दशकाच्या मध्यास महाराष्ट्रात १०+२+३ हा आकृतिबंध प्रत्यक्षात आला. आपला ट्रस्टही त्याच काळात उभा राहिला. माझ्या वयाचे येथे जे बांधव बसले आहेत, ते नव्या दहावीच्या आरंभीच्या तुकड्यांतले आहेत. दुकानात बसणाऱ्या मुलाला भूमिती कशासाठी, असे त्या वेळीही घरोघरी विचारले जात होते. परंतु शासनाने अपवाद ठेवला नाही आणि त्याचा लाभ आमच्या पिढीला झाला.

पुढे १९८६ च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने 'गाभाभूत अभ्यासक्रम' हा शब्द रूढ केला. गाभा म्हणजे आतला, सर्वांना समान असलेला भाग. त्याभोवती प्रत्येक राज्याने, प्रत्येक शाळेने आपापल्या परिसराप्रमाणे बाकीची रचना करावी, अशी ती कल्पना होती. शिक्षक मंडळींना दहा गाभाघटक तोंडपाठ आहेत. आपणा पालकांसाठी ते पुन्हा सांगतो : भारतीय स्वातंत्र्य चळवळीचा इतिहास, संविधानिक जबाबदाऱ्या, राष्ट्रीय अस्मितेचे जतन करणारा आशय, समान सांस्कृतिक वारसा, समता-लोकशाही-धर्मनिरपेक्षता, स्त्री-पुरुष समानता, पर्यावरणाचे संरक्षण, सामाजिक अडसरांचे निर्मूलन, लहान कुटुंबाचा आदर्श आणि वैज्ञानिक दृष्टिकोन. जैन श्रावकाला यातील बहुतेक घटक परके वाटणार नाहीत. जीवमात्राविषयी अनुकंपा बाळगणाऱ्याला पर्यावरण वेगळे शिकवावे लागत नाही, आणि अनेकांत मानणाऱ्याला दुसऱ्याचे मत ऐकून घेणे जड जात नाही.

गाभा ठरला, तरी तो आला की नाही हे तपासणारे माप स्थिर असावे लागते. आपल्या व्यवसायातील एक गोष्ट सांगतो. पूर्वी कापड वाराने विकले जाई. १९५६ च्या वजनमापांच्या कायद्यानंतर टप्प्याटप्प्याने मीटर आला. नऊवारी हे नाव आजही टिकून आहे, पण मोजायला गेल्यास ते सव्वाआठ मीटरच्या आसपास भरते. दुकानदाराच्या मीटरपट्टीवर सरकारी खात्याचा शिक्का असतो. ग्राहक गरीब असो वा श्रीमंत, पट्टी तीच. कापड खादीचे असेल, रेशमाचे असेल, भाव वेगळा असेल, परंतु मीटर कोणासाठी आखूड होत नाही. यालाच आपण विश्वास म्हणतो.

आता दहावीच्या निकालाकडे या दृष्टीने पाहू. २०१८ साली राज्याचा निकाल ८९.४१ टक्के लागला. २०१९ साली नव्या पाठ्यपुस्तकांवर पहिली परीक्षा झाली, भाषा आणि सामाजिक शास्त्रे या विषयांचे अंतर्गत गुण बंद करून पूर्ण लेखी परीक्षा घेतली गेली आणि निकाल ७७.१० टक्क्यांवर आला. पालकांत खळबळ उडाली. पुढच्याच वर्षी अंतर्गत गुण परत आले. २०२० साली महामारीमुळे भूगोलाचा पेपरही रद्द करावा लागला आणि निकाल ९५.३० टक्के लागला. २०२१ साली परीक्षा होऊ शकली नाही, अंतर्गत मूल्यमापनावर निकाल लावला गेला, तो ९९.९५ टक्के. महामारीच्या दोन वर्षांत दुसरा मार्ग नव्हता, हे मान्य केलेच पाहिजे. परंतु २०१८ ते २०२० या काळात महाराष्ट्रातील मुलांची बुद्धी बारा टक्क्यांनी घटली आणि मग अठरा टक्क्यांनी वाढली, असे कोणी म्हणणार नाही. पुस्तके बदलली हा त्यातला एक भाग झाला, पण मोठा फरक पडला तो मोजण्याच्या रीतीमुळे. ज्या मुलाने २०१९ साली पंच्याऐंशी टक्के मिळविले, त्याच्याहून २०२० सालचा नव्वद टक्क्यांचा मुलगा अधिक हुशार होता का, हे कोणीही छातीठोकपणे सांगू शकणार नाही. अशा आकड्यांवर आपण प्रवेश, शिष्यवृत्ती आणि कधीकधी सोयरिकीचे निर्णयही घेतो.

आता मी आजच्या मुख्य मुद्द्याकडे वळतो. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाला अनुसरून आपल्या राज्याने शालेय शिक्षणाचा राज्य अभ्यासक्रम आराखडा तयार केला. त्यानुसार नव्या अभ्यासक्रमाची सुरुवात २०२५-२६ मध्ये इयत्ता पहिलीपासून झाली असून तो टप्प्याटप्प्याने वरच्या वर्गांत जाणार आहे. त्या आराखड्यातील एका तरतुदीची २०२४ साली बरीच चर्चा झाली. दहावीत गणित आणि विज्ञान या विषयांत पस्तीसऐवजी वीस गुण मिळाले तरी विद्यार्थ्याला उत्तीर्ण समजावे, मात्र गुणपत्रिकेवर तसा शेरा असावा आणि पुढे त्याला गणित-विज्ञानावर आधारलेले शिक्षण घेता येऊ नये, अशी ती तरतूद आहे.

अनेकांताची शिकवण घेतलेल्या समाजाने प्रथम दुसरी बाजू समजून घ्यावी. ही तरतूद सुचविणाऱ्यांच्या मनात करुणा आहे. एखादी मुलगी भाषेत उत्तम, चित्रकलेत निपुण, परंतु गणितात तीस गुणांवर अडकते. तिच्यावर 'अनुत्तीर्ण' हा शिक्का बसतो. ग्रामीण भागात असा शिक्का म्हणजे अनेकदा शिक्षणाचा शेवट आणि लग्नाची घाई. एका विषयाने साऱ्या आयुष्याची वाट अडवू नये, हे म्हणणे खोटे नाही. ज्या शिक्षकांनी अशी मुले डोळ्यांसमोर शाळा सोडताना पाहिली आहेत, त्यांचा कळवळा आपण हलका लेखता कामा नये.

तथापि, मला या तरतुदीची चिंता वाटते आणि तिची कारणे स्पष्टपणे सांगणे हे मी माझे कर्तव्य समजतो.

पहिले कारण असे की, पंधरा-सोळाव्या वर्षी मुलाच्या पुढची दोन दारे कायमची बंद करणे हा फार मोठा निर्णय आहे. तो निर्णय वरवर पाहता मूल घेते, प्रत्यक्षात त्याची परिस्थिती घेते. ज्याच्या घरी शिकवणी लावण्याची ऐपत आहे, तो पस्तीसच्या वर जाईल. ज्याच्या शाळेत गणिताचे शिक्षकच वर्षभर नव्हते, तो वीस गुणांची वाट धरील. म्हणजे सवलत दुर्बलाच्या नावाने दिली जाईल आणि तिची किंमतही तोच मोजील.

दुसरे कारण आपल्या समाजापुरते आहे, आणि ते बोलताना मला संकोच वाटत नाही. व्यापारी घरांत मुलाला दहावीच्या वर्षी सांगितले जाते, 'तुला दुकानच सांभाळायचे आहे, पास झालास तरी पुरे.' ही वीस गुणांची वाट आपल्याच मुलांना सर्वांत सोपी वाटेल. परंतु दुकान आता पूर्वीचे राहिलेले नाही. १ जुलै २०१७ पासून वस्तू व सेवा कर आला. प्रत्येक विक्रीमागे कराचा दर, खरेदीवर भरलेल्या कराची वजावट, विवरणपत्रातील जुळवणी, बँकेच्या कॅश क्रेडिटवरील व्याज, या साऱ्याला टक्केवारी आणि चक्रवाढ व्याज पक्के असावे लागते. आपली कितीतरी मुले-मुली सनदी लेखापाल होण्याचे स्वप्न पाहतात. त्या अभ्यासक्रमाच्या पहिल्याच पायरीवर व्यवसाय-गणित, तर्क आणि संख्याशास्त्राची प्रश्नपत्रिका उभी असते. दहावीला वीस गुणांवर समाधान मानलेला मुलगा तेथे काय करील? जो हिशेब स्वतःला येत नाही तो दुसऱ्याकडून करवून घेणारा मालक नावाचाच मालक असतो.

तिसरे कारण तत्त्वाचे आहे. अडचण मापात नसून शिकविण्यात असेल, तर माप आखूड करून ती दूर होत नाही. ग्राहकाला दोन मीटर कापड पुरत नसेल, तर पट्टी लहान करून 'हे घ्या अडीच मीटर' असे म्हणणारा दुकानदार त्याचा सदरा पूर्ण करीत नाही.

मग उपाय कोणता? माझ्या अल्पमतीप्रमाणे उपाय धोरणातच आहे. २०२० च्या धोरणात सर्व विषय, आणि त्यातही प्रथम गणित, दोन स्तरांवर ठेवता येतील असे सुचविले आहे. सी.बी.एस.ई.ने २०२० च्या दहावीच्या परीक्षेपासून मूलभूत गणित आणि प्रमाणित गणित असे दोन स्तर प्रत्यक्षात आणले. आपल्या राज्य मंडळातही काही वर्षे 'सामान्य गणित' हा पर्याय होता, नवी पाठ्यपुस्तके आली तेव्हा तो सर्वसाधारण विद्यार्थ्यांसाठी बंद झाला. ज्याला अभियंता व्हायचे नाही, त्याच्यासाठी व्यवहाराचे गणित असावे : टक्केवारी, व्याज, क्षेत्रफळ, आलेख वाचणे, कर, विमा, संख्यांचा अंदाज. पण त्यात मात्र पस्तीस गुण म्हणजे पस्तीसच. अशा योजनेत मुलावर अपयशाचा शिक्का बसत नाही आणि अज्ञानावर उत्तीर्णतेचा शिक्काही बसत नाही. पुढे मन बदलले, तर वरच्या स्तराची परीक्षा देण्याची मुभा त्याला असावी, म्हणजे कोणतेही दार कायमचे बंद होणार नाही. शिवाय पुरवणी परीक्षा आणि अकरावीतील सशर्त प्रवेश या सोयी आजही आहेत. त्या गावोगावी नीट समजावून सांगितल्या, तरी कितीतरी मुलांची गळती थांबेल.

भाषेविषयी थोडक्यात बोलतो. २०२० च्या कायद्याने राज्यातील सर्व मंडळांच्या शाळांत पहिली ते दहावी मराठी शिकविणे टप्प्याटप्प्याने सक्तीचे झाले. आपल्यापैकी काही पालकांना हे ओझे वाटते. त्यांना मी एवढेच स्मरण देईन की श्रवणबेळगोळ येथे गोमटेश्वराच्या पायाशी मराठीतील एक अत्यंत प्राचीन शिलालेख आहे. आपल्या पूर्वाचार्यांनी महाराष्ट्री प्राकृतात विपुल ग्रंथरचना केली. ऑक्टोबर २०२४ मध्ये केंद्र शासनाने मराठीला आणि प्राकृतालाही अभिजात भाषेचा दर्जा एकाच निर्णयाने दिला. राज्याच्या समान गाभ्यात मराठी असणे हा आपल्यावर लादलेला भार नसून आपलाच वारसा आहे.

येथे आणखी एका गैरसमजाचा उल्लेख आवश्यक आहे. जानेवारी २०१४ मध्ये जैन समाजाला राष्ट्रीय स्तरावर अल्पसंख्याक दर्जा मिळाला. संविधानाच्या तिसाव्या अनुच्छेदाने आपल्याला आपल्या शिक्षणसंस्था काढण्याचा व चालविण्याचा हक्क दिला आहे. तो हक्क शैक्षणिक दर्जातून सूट मिळविण्यासाठी नाही. उलट आपल्या संस्थेतील मुलाने राज्याचा समान गाभा इतरांपेक्षा अधिक पक्का करावा, यातच त्या हक्काची शोभा आहे. पाठ्यपुस्तकात जैन धर्माची माहिती अचूक असावी, असा आग्रह आपण जरूर धरावा. परंतु धर्माचे शिक्षण देण्यासाठी आपली पाठशाळा आहे, चातुर्मासातील प्रवचने आहेत, घरातील स्वाध्याय आहे. सर्व जातिधर्मांच्या मुलांच्या वर्गात जे शिकवायचे, ते सर्वांचे असावे.

या संदर्भात कर्मवीर भाऊराव पाटलांचे स्मरण केल्याशिवाय मला पुढे जाता येत नाही. कोल्हापूर जिल्ह्यातील कुंभोज येथे १८८७ साली एका जैन कुटुंबात जन्मलेल्या या महापुरुषाने १९१९ साली काले येथे रयत शिक्षण संस्थेची स्थापना केली. त्यांच्या वसतिगृहांत सर्व जातींची मुले एकत्र राहिली, एकत्र जेवली, श्रम करून शिकली. गरिबाच्या मुलासाठी सोपे, कमी दर्जाचे शिक्षण त्यांनी मागितले नाही. शहरातील सधनाचा मुलगा जे शिकतो तेच खेड्यातील अनवाणी मुलाने शिकावे, यासाठी त्यांनी आयुष्य वेचले. समान गाभ्याचा खरा अर्थ हाच आहे.

आता प्रश्न उरतो आपल्या ट्रस्टचा. सुवर्णमहोत्सवी निधी कशासाठी वापरावा, यावर सध्या समाजात विचार चालू आहे. सभागृहाचा विस्तार व्हावा, असे अनेकांचे मत आहे आणि त्यात वावगे काही नाही. तरीही विश्वस्त मंडळासमोर मी तीन विनम्र सूचना ठेवतो.

पहिली सूचना अशी की, पुढील वर्षापासून गुणगौरवाची यादी मंडळवार वेगळी करावी. वेगवेगळ्या मापांची टक्केवारी एका क्रमात लावू नये. तसेच एखाद्या विषयात अनुत्तीर्ण होऊन जिद्दीने पुन्हा परीक्षेला बसून उत्तीर्ण झालेल्या मुला-मुलींनाही याच व्यासपीठावर, याच शाल-श्रीफळाने गौरवावे.

दुसरी सूचना अशी की, आपल्या पाठशाळेचे दालन सकाळी गजबजते आणि संध्याकाळी रिकामे असते. तेथे आठवी ते दहावीच्या मुलांसाठी गणित व विज्ञानाचे विनामूल्य वर्ग सुरू करावेत. समाजात निवृत्त शिक्षक आहेत, सनदी लेखापाल आहेत, अभियंते आहेत. त्यांनी आठवड्यातून दोन तास द्यावेत. निधीच्या व्याजातून पूर्णवेळ एक शिक्षक नेमावा. आणि हे वर्ग केवळ जैन मुलांसाठी नसावेत. आपल्या दुकानात काम करणाऱ्या मुनीमजींची, हमालांची आणि घरकामाला येणाऱ्या भगिनींची मुले त्यात आली, तरच आपण ज्ञानदान केले असे म्हणता येईल.

तिसरी सूचना अशी की, वीस गुणांच्या तरतुदीविषयी आणि दोन स्तरांच्या गणिताविषयी आपल्या ट्रस्टने शिक्षकांचा सल्ला घेऊन एक निवेदन तयार करावे आणि ते राज्याच्या शैक्षणिक संशोधन व प्रशिक्षण परिषदेकडे पाठवावे. नवा अभ्यासक्रम दहावीपर्यंत पोहोचायला अद्याप काही अवधी आहे. तोवर बोलले तर सूचना ठरेल, नंतर बोलले तर केवळ तक्रार उरेल. कराचा दर वाढला की आपल्या संघटना चोवीस तासांत निवेदन देतात. मुलांच्या शिक्षणाचे माप बदलत असताना आपण गप्प राहणे शोभणारे नाही.

बंधुभगिनींनो, आपल्या धर्मात दानाचे जे चार प्रकार सांगितले आहेत, त्यात ज्ञानदानाचे स्थान मोठे आहे, कारण अन्नाने एक दिवसाची भूक भागते आणि औषधाने एक व्याधी बरी होते, ज्ञान मात्र घेणाऱ्याला पुढे देणारा बनविते. सभागृहात दोन फरशा कमी बसल्या, तर पुढील पन्नास वर्षांत कोणाच्या ध्यानातही येणार नाही. परंतु या दालनात गणित शिकून एक मुलगी उभी राहिली, तर तिचे घर ते विसरणार नाही. ट्रस्टच्या शताब्दीच्या वेळी आपल्यापैकी बरेचजण नसतील. त्या वेळची स्मरणिका लिहिणाऱ्या मंडळींना आपल्याविषयी लिहिण्याजोगे काही मिळावे, एवढीच इच्छा व्यक्त करतो.